घरबसल्या कामाची ऑफर: पैसे कुठून कुठे जातात ते आधी बघा

"पार्ट टाइम काम, रोज दोन तास, दिवसाला १,५०० ते ५,००० रुपये, फक्त मोबाइल हवा, गृहिणी व विद्यार्थ्यांना प्राधान्य." हा मेसेज वर्षभर फिरत असतो. मे अखेरीस गोव्यात किनाऱ्यावरचे हंगामी शॅक बंद होतात, तिथली हॉटेलं माणसं कमी करतात आणि मग पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो जरा जास्तच लक्ष देऊन वाचला जातो. घरी बसून चार पैसे मिळाले तर कोणाला नको असतात? अडचण एवढीच की खरी ऑफर आणि खोटी ऑफर दिसायला सारखीच असते.

बहुतेक जण "ही कंपनी खरी आहे का?" इथून सुरुवात करतात. तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा. मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, तिथल्या एचआरवाल्याचा फोटो, सगळं पाच मिनिटांत चोरता येतं. व्यवहार मात्र चोरता येत नाही: हे काम कोणाला हवंय, त्यासाठी तो पैसे का मोजेल आणि पैसे कोणाकडून कोणाकडे जातात? म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांना इंटरनेटही लागत नाही.

पायरी १: कागद-पेन घेऊन हिशेब मांडा

समजा ऑफर अशी आहे: स्कॅन केलेली पानं टाइप करा, पानाला १०० रुपये. साधारण वेग मिनिटाला ३० शब्द धरला तर ३०० शब्दांच्या पानाला १० मिनिटं, तपासायला ५. म्हणजे तासाला ४ पानं, ४०० रुपये. आता तुमच्या जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे जाऊन विचारा, पान टाइप करायला काय घेता? त्याचा भाव याहून बराच कमी निघाला, तर बाजारात स्वस्तात होणारं काम कोणी अनोळखी माणसाला महाग का देतोय? शिवाय छापील पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर उचलण्याचं काम आता मोबाइलमधलं मोफत ॲप काही सेकंदांत करतं.

हाच हिशेब बाकीच्या ऑफरना लावा. घरी बसून पेन्सिली पॅक करायच्या? पेन्सिली कारखान्यातच मशीनवर पॅक होतात. त्या कुरिअरने सत्तरी तालुक्यातल्या घरी पाठवून, हाताने भरून, परत मागवायचा खर्च पेन्सिलीच्या किमतीला झेपत नाही. कॅपचा ("मी रोबो नाही" हे दाखवायला टाइप करायची वाकडी अक्षरं) भरण्याचं काम अस्तित्वात आहे, पण हजार कॅपचांना जे मिळतं त्यात चहा-पाव जेमतेम सुटतो, आणि ते कॅपचा बहुतेकदा खोटी अकाउंट उघडणाऱ्यांचे असतात. कळंगुटच्या हॉटेलात पाऊल न टाकता त्याला पाच तारे द्यायचे, एका तारांकनाचे ५० रुपये? मुळात तो खोटा रिव्ह्यू. त्यातून हॉटेलवाल्याला काही पत्ताही नसतो. त्याचं नाव फक्त आमिषाला वापरलेलं असतं.

हिशेब जुळला नाही तर इथेच थांबा. पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

पायरी २: पैसे कोणत्या दिशेने जातात?

काम तुम्ही करणार, तर पैसे तुमच्याकडे यायला हवेत. ज्या क्षणी तुमच्याकडून काही मागितलं जातं, त्या क्षणी तुम्ही नोकर उरत नाही, गिऱ्हाईक होता. मागण्याची नावं बदलत राहतात: रजिस्ट्रेशन, आयडी कार्ड, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं कुरिअर, फाइल चार्ज, "परत मिळणारं" डिपॉझिट. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, ३९९, ६२०, ९९९. एवढ्यासाठी पोलिसांत कोण जातो, हा त्यांचा हिशेब. एकदा ६२० भरले की "कार्ड तयार आहे, फक्त इन्शुरन्सचे १,८५० बाकी" सुरू होतं. आधीचे ६२० वाया जाऊ नयेत म्हणून माणूस १,८५० भरतो.

दोन गोष्टींत गोंधळ होतो, त्या वेगळ्या करून घ्या.

कमिशन: फायव्हरसारखे ऑनलाइन कामं मिळवून देणारे खरे प्लॅटफॉर्म पैसे घेतातच, पण तुमच्या कमाईतून कापून. फायव्हर २० टक्के कापतो. कमाई शून्य, तर कमिशन शून्य.

कर: टीडीएस हा देणाऱ्याने तुमच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो नंतर आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो. "तुमचे ८०,००० तयार आहेत, आधी ३० टक्के टॅक्स या यूपीआयवर भरा" असं म्हणणारा आयकराचं नाव सांगून आपला खिसा भरतोय. जीएसटीच्या नावाने असंच मागितलं तरी उत्तर तेच.

आणि यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाका, क्यूआर स्कॅन करा, असं कोणी सांगितलं की फोन ठेवून द्या.

सुरुवातीला पैसे मिळतात, तेव्हा जास्त सावध

टेलिग्रामवरचं "टास्क"चं काम शिकलेल्या माणसांनाही खेचून नेतं, कारण ते आधी खरोखर पैसे देतं. क्रम साधारण असा असतो. तीन व्हिडिओंना लाइक करा, १५० रुपये खात्यात. दुसऱ्या दिवशी आणखी ४००-५००. मग एका ग्रुपमध्ये घेतात. तिथे पन्नास-शंभर माणसं रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. त्यातले बहुतेक एकाच टोळीचे. मग येतो "प्रीपेड टास्क": १,००० भरा, १,३०० परत. ते परत येतात. ५,००० भरा, ६,५०० दिसतात, पण दिसतात ते त्यांच्या वेबसाइटवरच्या वॉलेटमध्ये. तिथला आकडा कोणीही टाइप करू शकतो. काढायला गेलं की "तुम्ही चुकीचा क्रम निवडला, ग्रुपमधल्या तिघांचं नुकसान झालं, दुरुस्तीसाठी २८,००० भरा". पुढे "क्रेडिट स्कोअर कमी झाला", पुढे टॅक्स. प्रत्येक वेळी पैसे भरायचं खातं वेगळं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी अनोळखी माणसाचं. पगार देणाऱ्या कंपनीची खाती रोज बदलत नाहीत, एवढ्या एका खुणेवर थांबलं तरी पुरे.

"मी फक्त सुरुवातीचे ५०० घेऊन बाहेर पडतो" अशी हुशारी काही जण करतात. ते ५०० टोळीच्या खिशातले नसतात. बहुधा त्याच दिवशी फसलेल्या दुसऱ्या कोणाचे असतात. त्याने तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला ती खाती पोलीस बँकेकरवी गोठवतात, आणि त्यात तुमचंही येऊ शकतं. मग ऐन गणेश चवथीच्या बाजाराला एटीएम चालत नाही आणि खुलाशाची पत्रं दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला पाठवत बसावं लागतं.

त्याहून वाईट ऑफर म्हणजे "तुमचं बँक खातं कंपनीला वापरायला द्या, महिन्याला १०,००० घ्या". पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम मागतात. यात तुम्ही फसलेले राहत नाही, चोरीचा पैसा फिरवणारे ठरता, आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतात कारण खऱ्या सूत्रधाराचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कॉलेजच्या मुलांना हे काम "पेमेंट एक्झिक्युटिव्ह" या नावाने सांगितलं जातं. नाव ऐकायला चांगलं आहे.

डेटा एंट्री, आणि मग वकिलाची नोटीस

हा प्रकार टास्कपेक्षा वेगळा आहे, कारण यात आधी काहीच मागत नाहीत. ५ दिवसांत ५०० फॉर्म भरा, अचूकता ९० टक्के हवी, २५,००० मिळतील. ऑनलाइन करारावर सही घेतात, आधार आणि फोटो घेतात. फॉर्मची चित्रं मुद्दाम धूसर असतात, शून्य की ओ ते कळत नाही, वेबसाइट अधूनमधून बंद पडते. पाचव्या दिवशी अहवाल येतो: अचूकता ६२ टक्के, तुम्ही नापास. करारानुसार ६,५०० रुपये "सर्व्हिस चार्ज" भरा. नाही भरलात की व्हॉट्सॲपवर वकिलाच्या लेटरहेडची नोटीस, मग "कोर्टातून बोलतोय" म्हणणारा माणूस, मग अटक वॉरंटची धमकी.

अशा वेळी:

भरू नका. पैसे मिळाले की त्यांना कळतं की हा माणूस घाबरतो, आणि "केस बंद करण्याचा" आणखी एक हप्ता निघतो.

कायदा समजून घ्या. करार मोडणं हा दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे फसवून घेतलेली संमती ज्याची घेतली त्याला नाकारता येते. आणि करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तेवढा आपोआप वसूल होत नाही, कोर्ट वाजवी असेल तेवढीच भरपाई देतं.

खटल्याचा नंबर मागा. कोर्टात दाखल झालेल्या खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की पक्षकार, कोर्ट, पुढची तारीख दिसते. तिथे नोंद सापडली नाही तर समन्सचा कागद घरच्या प्रिंटरवर बनलाय असं समजायला हरकत नाही. सापडलीच, तर मात्र दुर्लक्ष करू नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा प्राधिकरणं आहेत, तालुक्याच्या कोर्टात समित्या आहेत.

"मशीन घ्या, माल आम्ही उचलतो"

महिला मंडळं आणि स्वयंसाहाय्य गटांना गाठणारी ही ऑफर. फुलवाती, कापूर, द्रोण-पत्रावळी, अगरबत्ती. मशीन ३५,००० चं, कच्चा माल तेच देणार, तयार माल तेच घेणार. पहिली खेप उचलतातही. दुसरी खेप "दर्जा बसत नाही" म्हणून परत येते, तिसऱ्या वेळी फोन लागत नाही. त्यांचा धंदा वातींचा नसून मशीन विकण्याचा आहे. तेच मशीन बाजारात पुष्कळ कमी किमतीत मिळतं.

तपासायची रीत सोपी आहे. म्हापशाच्या बाजारात किंवा फोंड्याच्या पूजासाहित्याच्या दुकानात वातींचा घाऊक भाव विचारा. हा माणूस त्याहून चढा भाव देतोय? मग तो विकणार कोणाला? दुसरं, मशीन घेण्याआधी हाताने केलेल्या एक किलो वाती त्याला विकून दाखवा, आणि पैसे खात्यात येऊ द्या. दर्जा कशावर ठरणार, नाकारलेल्या मालाचं काय, हे करारात नसेल तर तो करार कागदाचा तुकडा आहे.

साखळी विक्रीचं थोडक्यात: मडगाव-पणजीच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये "बिझनेस अपॉर्च्युनिटी" सांगणाऱ्याला एकच विचारा, पैसे साबण विकून मिळतात की माणसं जोडून? माणसं जोडून मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना. तिला १९७८ च्या प्राइझ चिट्स बंदी कायद्याने आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई आहे, आणि थेट विक्रीत प्रवेश शुल्कही घेता येत नाही. बोलावणारी चुलतबहीण असली तरी नियम बदलत नाही, फक्त नाही म्हणणं कठीण होतं.

पायरी ३: आता कंपनी तपासा

हिशेब जुळला, पैसे मागितले नाहीत, तर मग कागद बघा.

नोंदणी. "प्रायव्हेट लिमिटेड" म्हणवणाऱ्याकडे २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो. पहिलं अक्षर यू किंवा एल, मग पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरं (गोव्यासाठी जीए), मग स्थापनेचं वर्ष. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर "मास्टर डेटा"त तो टाका. नाव, पत्ता, वर्ष जुळतंय का आणि कंपनी चालू आहे की "स्ट्राइक ऑफ" म्हणजे नोंदीतून काढलेली आहे, तेवढं बघा.

जीएसटी. क्रमांक १५ अक्षर-अंकांचा. पहिले दोन अंक राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. जीएसटी क्रमांकाचं डावीकडून सहावं अक्षर बघा: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म, पी असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि सहावं अक्षर पी, हे जुळत नाही. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव पडताळा. उलट बाजूही लक्षात ठेवा: लहान सीए ऑफिस किंवा घरगुती धंद्याला उलाढाल कमी असल्याने जीएसटी नसू शकतो, त्यात खोट नाही. नसलेल्यापेक्षा खोटा क्रमांक देणारा वाईट.

उद्यम किंवा एमएसएमई प्रमाणपत्र दाखवलं तर प्रभावित होऊ नका. ते मोफत आणि स्वयंघोषणेवर मिळतं.

पत्ता. इथे गोव्याच्या माणसाला मोठा फायदा आहे, राज्य लहान आहे. "पाटो, पणजी" लिहिलं असेल तर कदंब बसने जाऊन बघून या. दुकानदाराला विचारा, वॉचमनला विचारा. गोव्याचे पिन कोड ४०३ ने सुरू होतात आणि लँडलाइनचा कोड ०८३२. पत्ता वेर्ण्याचा आणि पिन दुसऱ्याच राज्याचा, असले नमुने खूप मिळतात. "ऑफिस पूर्ण ऑनलाइन आहे" असं उत्तर आलं तर निदान व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायला सांगा.

वेबसाइट. कोणत्याही "हूइज" सेवेवर डोमेनचं नाव टाकलं की ते कधी घेतलं ते कळतं. "२०११ पासून विश्वासात" म्हणणाऱ्या साइटचा जन्म तीन आठवड्यांपूर्वीचा असेल तर विषय संपला. मोठ्या कंपनीच्या नावाने ऑफर असेल तर मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. कंपनीची साइट स्वतः शोधा, करिअर पानावर ती जागा आहे का पाहा, आणि तिथल्याच फोनवर विचारा.

पायरी ४: कागदपत्रं कधी, कोणती

निवड होण्याआधी नाव, अनुभव, ईमेल एवढं पुरे. आधार द्यायचंच झालं तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पॅनच्या प्रतीवर "अमुक कंपनीत नोकरीच्या अर्जासाठी" आणि तारीख आडवी लिहून सही करा. पगारासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतो. ओटीपी, कार्डचे आकडे, नेट बँकिंगचा पासवर्ड कधीच लागत नाही.

"कामाचं ॲप" व्हॉट्सॲपवर एपीके फाइल म्हणून आलं तर उघडू नका. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग तुमचे ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्यालाच दिसतात. एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप "ट्रेनिंगसाठी" टाकायला सांगणं, तोच प्रकार.

खरं काम कसं दिसतं

जरा कंटाळवाणं दिसतं. जाहिरातीत कमाईच्या आधी कौशल्य लिहिलेलं असतं: टॅली येतं का, मराठी-कोकणी-इंग्रजी भाषांतर जमतं का, हॉटेलची बुकिंग सांभाळली आहेत का. चाचणी होते, अर्ध्या-पाऊण तासाची. दोन दिवसांचं काम "नमुना" म्हणून फुकट मागितलं तर नको म्हणा. कोणीतरी समोर बोलतं, आणि तुमच्या प्रश्नांनी चिडत नाही. पैसे महिन्याने किंवा पंधरवड्याने, कंपनीच्या नावाच्या खात्यातून येतात. नवीन गिऱ्हाईक असेल तर पहिलं काम लहान घ्या, अर्धे पैसे आधी मागा, उरलेले मिळाल्याशिवाय दुसरं काम घेऊ नका.

शोधायची ठिकाणंही तशीच साधी: पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनातलं रोजगार विनिमय केंद्र, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, आणि तालुक्यातले सीए, शाळा, गेस्टहाऊसवाले, ज्यांना हंगामात हिशेबाला किंवा ऑनलाइन बुकिंगला माणूस हवाच असतो.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रात्र असली, रविवार असला तरी. पैसा एका खात्यातून पाच खात्यांत आणि तिथून एटीएमपर्यंत काही तासांतच पोहोचतो, त्याआधी मधल्या बँकेला अडवता आला तरच हाती काही लागतं. फोनआधी हे जवळ ठेवा: तुमच्या बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी), समोरचा यूपीआय आयडी. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोचक्रमांक लिहून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं, किंवा रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस ठाण्यात.

बँकेलाही लेखी कळवा, पण पिन तुम्ही स्वतः टाकलेला असल्याने "तीन दिवसांत कळवलं तर बँक भरून देते" हा नियम इथे सहसा चालत नाही. तो तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारासाठी आहे.

रागाने ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. टेलिग्रामवर दिसणारं नाव क्षणात बदलतं, म्हणून प्रोफाइलमधलं यूजरनेम, ग्रुपची लिंक आणि सगळ्या खाते क्रमांकांचे स्क्रीनशॉट आधी काढा. पैसे गेले नसतील, फक्त संशयास्पद मेसेज आला असेल, तर संचार साथी पोर्टलवर "चक्षू"मध्ये तो नंबर नोंदवा.

आणि तक्रारीनंतर पंधरा-वीस दिवसांनी "तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ४,००० प्रोसेसिंग फी" असा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो. पोलीस किंवा कोर्ट गोठवलेले पैसे सोडवताना यूपीआयवर फी घेत नाहीत. तोही नंबर १९३० च्या त्याच तक्रारीत जोडा.